भोंगेकाकांनी विकलेली शांतता

भोंगेकाकांचं आडनाव भोंगे नव्हतं. खरं आडनाव काय होतं, हे आता त्यांच्या बायकोला आणि कंपनीत पगार काढणाऱ्या कारकुनाला सोडून कुणालाच ठाऊक नाही. धंद्यात आले तेव्हा ते तरुण होते. आवाज असा खणखणीत, की प्रदर्शनाच्या हॉलच्या एका टोकाला उभे राहून मिक्सरची महती सांगायला लागले, की दुसऱ्या टोकाला इस्त्री बघत उभी असलेली गिऱ्हाइकं हातातली इस्त्री ठेवून इकडे चालू लागायची. तो इस्त्रीवाला एकदा चिडून म्हणाला, “अरे, हा माणूस आहे की भोंगा?” झालं. त्या दिवसापासून ते भोंगा. पुढे केस पिकले, पोट सुटलं, तसा भोंग्याचा भोंगेकाका झाला. नव्या पोरांना तर ते आडनावच वाटायचं. त्यांच्या नावानं ‘श्री. भोंगे यांस’ अशी पाकिटं यायची आणि काका ती निमूट सही करून घ्यायचे. निमूटपणे केलेली एवढी एकच गोष्ट त्यांच्या आयुष्यात सापडते.

त्यांचं काम तात्पुरत्या दुकानांत असायचं. म्हणजे असं, की चांगल्या रस्त्यावरचं एखादं दुकान बसतं. मालक कायमचा भाडेकरू शोधत असतो, आणि तोवर जागा धूळ खात पडते. मग एखादी इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी येते आणि ती जागा चार आठवड्यांसाठी घेते. पुठ्ठ्याच्या भिंती उभ्या राहतात, त्यांवर चकचकीत कागद चढतो, छताला निळे दिवे लागतात, आणि कालपर्यंत जिथे उंदीर फिरत होते तिथे ‘उद्याचं जग’ अशी पाटी लागते. कंपनीत त्याला दुकान म्हणत नाहीत. अनुभव केंद्र म्हणतात. दुकान म्हटलं, की काही विकलं गेलं का, असं कुणीतरी विचारतं. अनुभवाला तशी भीती नाही.

अशा केंद्रांमध्ये काकांचं आयुष्य गेलं. बुडालेल्या बँकेत त्यांनी दाढीची यंत्रं दाखवली. बंद पडलेल्या पुस्तकांच्या दुकानात भिंतीएवढे टीव्ही दाखवले. लग्नाचे कपडे शिवणाऱ्याच्या रिकाम्या दुकानात त्यांनी आपोआप झाडू मारणारं एक चपटं यंत्र सोडलं, ते गालिच्याच्या झालरीत अडकून गोलगोल फिरत बसलं, तेव्हा काका न डगमगता म्हणाले, “बघा, कोपरा स्वच्छ झाल्याशिवाय ते हलत नाही!” टाळ्या पडल्या. काकांच्या मते वस्तू हे निमित्त असतं, माल खपतो तो तोंडावर.

अडचण एवढीच होती, की केंद्र संध्याकाळी बंद व्हायचं आणि काका होत नसत. घरी आले की ते बायकोला दिवसभराचं सगळं सांगायचे. कोण आलं, काय म्हणालं, त्यावर आपण काय म्हणालो, आणि म्हणता म्हणता राहून गेलं ते काय. नवा नळ बसवला तर तो कसा उघडायचा ते सांगायचे. मुलगी लहान होती तेव्हा बाबांच्या बोलण्याला “हं, हं” करत तिनं शाळेचा सगळा अभ्यास उरकला, आणि लग्न करून दूर गेल्यावर फोन टेबलावर ठेवून ती कपड्यांच्या घड्या घालायची. बायको मात्र समोर बसून ऐकायची. वीज कार्यालयातून दमून यायची, पिशवी खुंटीला अडकवायची, पाय वर घेऊन बसायची आणि मधून मधून म्हणायची, “हो का?” नाहीतर, “बरं.”

“आमच्या हिला ऐकायची भारी हौस,” असं काका चारचौघांत कौतुकानं सांगत. तिला खरंच हौस आहे का, हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. विचारायचं म्हणजे उत्तरासाठी थांबावं लागतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना कंपनीनं नवे हेडफोन काढले.

या हेडफोनचा गुण असा, की ते कानाला लावले की बाहेरचा आवाज गायब. गाणं लावा किंवा नका लावू, जग बंद. काकांचा मॅनेजर म्हणजे कालपरवा शिक्षण संपवून आलेला, सदैव घाईत असलेला एक तरुण होता. सगळे त्याला छोटे साहेब म्हणत. त्यानं काकांना बोलावलं.

“काका, या वेळी आपण वस्तू विकायची नाहीये. या वेळी आपण शांतता विकायची.”

“विकू की,” काका म्हणाले. “गॅरंटी किती वर्षांची?”

छोट्या साहेबांना विनोद चालत नसे, कारण त्यात वेळ जातो. “जागा ठरलीय. त्या चौकातलं जुनं चपलांचं दुकान. आत काचेची खोली, आरामखुर्च्या. गिऱ्हाईक आलं की खुणेनं बसवायचं, हेडफोन द्यायचे, बस. आणि काका, तुम्ही बोलायचं नाही.”

“म्हणजे कमी बोलायचं?”

“म्हणजे बोलायचं नाही. एक अक्षर नाही. शांततेच्या केंद्रात माणूस बोलला तर मालाची अब्रू जाते.”

“मग मला कशाला घेताय? खांबाला टोपी घाला.”

“खांबाला अनुभव नसतो, काका,” छोटे साहेब म्हणाले, आणि फोन कानाला लावून निघूनही गेले.

चौक मुद्दाम निवडलेला होता. शहरात त्याहून गोंगाटाची जागा नसेल. बसगाड्या तिथेच वळायच्या, समोर पत्रे ठोकणाऱ्याचं दुकान, आणि रस्ता खणणारं एक यंत्र तर दुकानाच्या दाराशीच घर करून राहिल्यासारखं धडधडत असायचं. बाहेर नरक असला की आतला स्वर्ग उठून दिसतो, असा कंपनीचा हिशोब. चपलांच्या दुकानाच्या सगळ्या खुणा पुसल्या होत्या, पण चामड्याचा वास राहिला होता, आणि काचेच्या खोलीत जमिनीलगत लावलेले ते बुटके आरसेही राहिले होते. पायातला जोडा कसा दिसतो ते बघण्यासाठीचे. त्यामुळे काका आपल्या स्टुलावर बसले, की त्यांना गिऱ्हाइकांचे चेहरे काचेतून दिसायचे आणि पाय आरशातून.

पहिल्या दिवशी संध्याकाळी काकांचा घसा दुखत होता. डॉक्टर म्हणाले, “फार बोललात का?” काका म्हणाले, “अजिबात नाही, त्यानंच दुखतोय.” डॉक्टरांनी गोळ्या दिल्या.

पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या इस्पितळातली एक नर्सबाई. रात्रपाळी संपवून बसची वाट बघत होती. फुकट आहे म्हणून आत आली, खुर्चीत टेकली, हेडफोन लावले. काका आरशात बघत होते. तिचे पांढरे बूट आधी जवळजवळ होते. मग हळूहळू त्यांची टोकं बाहेरच्या बाजूला कलली, अगदी घड्याळाचे काटे कलावेत तशी. काकांनी काचेतून वर पाहिलं. तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला. बाईंचा डोळा लागला होता.

काका उठले. बाईंना जागं करावं, हेडफोनची बॅटरी किती टिकते ते सांगावं, कोणकोणत्या रंगात मिळतात ते सांगावं, असं त्यांच्या जिभेच्या टोकाशी आलं. पण बंदी होती. ते परत बसले. बाई उठली ती बऱ्याच वेळानं, आणि जाताना तिनं काकांकडे असं पाहिलं, जसं कुणी जीव वाचवणाऱ्याकडे बघतं. हेडफोन अर्थातच घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. आणि ही बातमी कशी फुटली देव जाणे, पण आठवड्याभरात खुर्च्या भरायला लागल्या. टॅक्सी चालवणारा एक गलेलठ्ठ गृहस्थ यायचा. जुळ्यांचा नवा बाप यायचा. त्याच्या घरी तो दूध आणायला गेलाय असा समज होता, आणि एवढ्या वेळात त्यानं गाय दोहून आणली असती. मुलांना पेटी शिकवणाऱ्या एक बाई यायच्या. दिवसभर बेसूर ऐकून त्यांच्या कानांना काहीच ऐकायची इच्छा उरलेली नसे. आणि जेवणाच्या सुट्टीत, हातातलं यंत्र बंद करून, अंगावरची धूळ दाराबाहेर झटकून, रस्ता खणणारा तो माणूस स्वतः आत यायचा. अख्ख्या चौकाची झोप उडवणारा माणूस सगळ्यांच्या शेजारी पाय पसरून झोपायचा. त्याच्या यंत्रापासून सुटका करून घ्यायला त्याच्याइतका आतुर दुसरा कुणीच नव्हता.

काका आता पायांवरून माणूस ओळखू लागले होते. टॅक्सीवाल्याचा उजवा पाय झोपेतही ब्रेक दाबायचा. पेटीवाल्या बाईंचा अंगठा ताल धरायचा आणि मग एकदम सुटायचा. काकांना वाटे, हे कुणाला तरी सांगायला हवं. सांगायचं कुणाला? आत बंदी, आणि बाहेर यंत्राच्या आवाजात त्यांचाही आवाज पोचत नसे.

छोटे साहेब खूष होते. दाराला माणसं मोजणारं यंत्र होतं, आणि त्याचे आकडे रोज वरच्या कार्यालयात जायचे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, आत आलेला माणूस किती वेळ थांबतो याची सरासरी. इतर केंद्रांत माणूस यायचा, दोन बटणं दाबायचा, फुकटचा फुगा घ्यायचा आणि जायचा. इथे माणसं हलतच नव्हती. वरून कळवलं गेलं, की गिऱ्हाईक वस्तूशी नातं जोडत आहे. जोडत होतंच. घोरतही होतं.

“आणि विक्री?” काकांनी एकदा बाहेर फुटपाथवर ओरडून विचारलं.

“विक्री मागाहून येते, काका!” छोटे साहेब तितक्याच जोरात ओरडले. “आधी ओढ निर्माण होते!”

ओढ होती, यात वाद नाही. सकाळी शटर वर जाण्याआधीच लोक बाहेर उभे असायचे.

एका दुपारी काकांची बायको आली. तिला अर्धा दिवस सुट्टी मिळाली होती आणि नवऱ्याची नवी जागा बघावी असं तिच्या मनात आलं. काकांचा चेहरा फुलला. पण नियम म्हणजे नियम. त्यांनी अनोळखी गिऱ्हाइकासारखी मान लववली, हातानं खूण करून तिला खुर्चीपाशी नेलं, हेडफोन तिच्या कानांवर जपून बसवले आणि बाहेर येऊन स्टुलावर बसले. आता तिला कळेल आपण काय विकतोय ते.

आरशात तिचे पाय दिसत होते. तिनं आधी एक चप्पल काढली, मग दुसरी. बोटं ताणली. मग पाय एकमेकांवर टाकले, मग सोडले, आणि चवडे अलगद बाहेर कलले. काकांनी काचेतून वर पाहिलं. ती झोपली नव्हती. डोळे मिटून नुसती बसली होती. कपाळावरच्या त्या दोन उभ्या आठ्या, ज्या जन्मजात असाव्यात असं काका समजत होते, त्या नव्हत्या. असा चेहरा त्यांनी पूर्वी एकदा पाहिला होता. लग्न ठरवताना आलेल्या फोटोत.

केंद्र बंद व्हायची वेळ झाली तरी ती उठली नाही. शेवटी काकांनी खांद्याला हात लावला. तिनं हेडफोन काढले, चपला चढवल्या आणि जाता जाता हळूच म्हणाली, “छान आहे हो.”

इतक्या वर्षांत काकांनी किती डेमो दिले असतील. मिक्सरपासून टीव्हीपर्यंत घसा फोडून दिले. त्यातल्या एकालाही ती छान म्हणाली नव्हती. आणि ज्या एका डेमोत तोंड उघडलं नाही, तो छान.

त्या संध्याकाळी भोंगेकाका घरी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. बायकोनं कपाळाला हात लावून ताप बघितला. खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन काळजीनं विचारून गेल्या, “हे परगावी गेलेत का? आमच्याकडे आवाज आला नाही.” काका पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते.

शेवटी बायको म्हणाली, “अहो, कंपनीनं घरीसुद्धा बोलायला बंदी घातलीय का?”

काका भिंतीलाच विचारल्यासारखं म्हणाले, “मी गप्प असलो की तुला बरं वाटतं ना?”

दुसरी कुणी असती तर ‘छे, काहीतरीच काय’ म्हणाली असती. ती सरकारी नोकरीत होती; विचारलेल्या प्रश्नाला तिला उत्तर द्यायची सवय होती.

“वाटतं,” ती म्हणाली.

मग त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणाली, “पण असं फुगून गप्प बसू नका. त्याचा आवाज जास्त येतो.”

याच सुमारास बातमी आली, की मोठे साहेब येणार. थांबण्याच्या सरासरीनं त्यांनाही ओढ लागली होती. गिऱ्हाईक नातं कसं जोडतं ते त्यांना डोळ्यांनी बघायचं होतं. छोट्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी आपले भाऊ, वहिनी, मित्र अशी नीटनेटकी माणसं गोळा केली. ती मंडळी हेडफोन लावून हसऱ्या चेहऱ्यानं मान डोलावणार होती. तेवढ्यासाठी खुर्च्या रिकाम्या हव्या होत्या.

त्या दुपारी नेहमीप्रमाणे सगळ्या खुर्च्यांत माणसं झोपली होती.

छोटे साहेब काचेबाहेर उभं राहून हातवारे करत होते. काका स्टुलावर बसून होते. साहेबांनी जवळ येऊन दबक्या आवाजात फर्मावलं, “काका, उठवा यांना! लगेच!”

काकांनी ‘कृपया शांतता राखा’ हा फलक उलटा केला, खिशातून पेन काढलं, आणि मागे सावकाश लिहिलं: ‘उठवायचं तर बोलावं लागेल. मला बोलायची मनाई आहे.’

छोट्या साहेबांनी ते दोनदा वाचलं. तोवर दारात गाडी थांबली होती.

मोठे साहेब आत आले. हातात तीन फोन, तिन्ही थरथरत असलेले. त्यांनी काचेतून पाहिलं. पेटीवाल्या बाई, टॅक्सीवाला, जुळ्यांचा बाप, रस्ता खणणारा, आणि कोपऱ्यात नर्सबाई. सगळे पाय पसरून. एकाच्या ओठांवरून लाळ ओघळत होती.

“हे काय आहे?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“गिऱ्हाईक, सर,” छोटे साहेब पुटपुटले. “पूर्ण… पूर्ण रमलंय.”

तेवढ्यात जुळ्यांचा बाप दचकून जागा झाला, घड्याळ बघून पळतच बाहेर गेला, आणि एक खुर्ची रिकामी झाली. “बघू तरी,” म्हणत मोठे साहेब तीत बसले. काकांनी अदबीनं हेडफोन लावले आणि तिन्ही फोन टेबलावर ठेवले.

आरशात दोन काळे, लखलखीत बूट. एक टाच अस्वस्थपणे जमिनीवर आपटत होती. आपटली, आपटली, मंदावली. मग दोन्ही बूट संथपणे बाहेर कलले. मोठे साहेब गेले.

टेबलावरचे फोन थरथरत सरकत होते. छोटे साहेब घामाघूम झाले. “काका, यांची आता मोठी बैठक आहे! सगळे वाट बघतायत! उठवा, माझी शपथ आहे!”

भोंगेकाकांनी स्टूल सोडलं, ओठांवर बोट ठेवलं आणि छोट्या साहेबांच्या तोंडासमोर तोंड नेऊन म्हणाले, “शू!”

त्या केंद्रात त्यांनी काढलेला हा पहिला आवाज.

बैठक मोठ्या साहेबांविना पार पडली, आणि असं म्हणतात, की वर्षानुवर्षं लोंबकळत पडलेले सगळे निर्णय त्या दिवशी चहा गार व्हायच्या आत झाले. साहेब जागे झाले तेव्हा गालावर खुर्चीच्या शिवणीचा वळ होता. क्षणभर ते लहान मुलासारखे इकडेतिकडे बघत राहिले. “किती दिवसांनी…” असं काहीतरी म्हणाले. मग टेबलावरचे फोन दिसले आणि ते पुन्हा मोठे साहेब झाले.

“माल उत्तम आहे,” ते टाय नीट करत म्हणाले. “तेच चुकलंय. झोपलेला माणूस खिशात हात घालत नाही. बंद करा हे.”

केंद्र बंद झालं. आरामखुर्च्या ट्रकमध्ये चढल्या. शटरवर ‘लवकरच येत आहे’ असा कागद लागला, काय येत आहे ते लिहिलं नव्हतं. नेहमीची मंडळी सकाळी येऊन त्या कागदापुढे उभी राहिली आणि पांगली. थांबण्याच्या सरासरीचा विक्रम केल्याबद्दल छोट्या साहेबांना बढती मिळाली. काकांना पुढचं काम लागेपर्यंत घरी बसायला सांगण्यात आलं.

घरी बसल्यावर काही दिवसांनी बायकोचा चष्मा टेबलावर राहिला. काका तो घेऊन तिच्या कार्यालयात निघाले. तिला फाटकापर्यंत त्यांनी अनेकदा सोडलं होतं, पण आत कधी गेले नव्हते. आत जाण्याची गरजच काय? काम काय आहे ते तर तिनं सांगितलं होतं: तक्रार खिडकी. त्यावर काकांनी तेव्हाच आपल्या एका तक्रारखोर गिऱ्हाइकाचा किस्सा सांगितला होता, आणि विषय तिथे संपला होता.

मोठ्या हॉलमध्ये त्या दिवशी गर्दीचा कहर होता. कुठल्याशा भागात सकाळपासून वीज नव्हती. काच, काचेत बशीएवढं भोक, आणि त्या भोकाला तोंड लावून माणसं आळीपाळीनं ओरडत होती. ओरडताना कुणी वाकायचं, कुणी काचेवर मूठ आपटायचं, एकानं तर आपली वितळलेली बर्फाची पिशवी पुरावा म्हणून आत सरकवली. काचेपलीकडे त्यांची बायको बसली होती, डोळे बारीक करून लिहीत.

“फ्रिजमधलं सगळं नासलं, कळतंय का तुम्हाला?”

“हो का?”

“तीन वेळा फोन केला! कुत्रं उचलत नाही!”

“बरं.”

काका जागच्या जागी थिजले. तो ‘हो का’ त्यांच्या ओळखीचा होता. तो ‘बरं’सुद्धा. स्वर तोच, मानेचा कल तोच, पापणी हलायची तीही तशीच. आयुष्यभर ज्याला ते बायकोची हौस समजत आले, ती तिची नोकरी होती. दिवसा खिडकीत करायची, आणि संध्याकाळी घरी येऊन पाय वर घेऊन करायची.

तेवढ्यात तपकिरी टोपी घातलेला एक इसम सगळ्यांना ढकलत पुढे घुसला आणि त्यानं हातातल्या छत्रीनं काच बडवायला सुरुवात केली. “ए बाई! बहिरी आहेस का?”

“गप्प!”

हॉलच्या भिंती हादरल्या. पत्र्याच्या कपाटावरच्या फायली सरकल्या असं शिपाई नंतर शपथेवर सांगत होता. टोपीवाल्याची छत्री हवेतच राहिली. कुणी श्वास घेईना. छताच्या पंख्याची करकर प्रथमच ऐकू आली.

आता खरं म्हणजे काकांनी इथे थांबायला हवं होतं. पण समोर एवढी माणसं, सगळी आपल्याकडे बघतायत, आणि इतके दिवस तुंबलेला घसा नुकताच मोकळा झालेला. “मंडळी!” काका म्हणाले. “ही आहे तक्रार खिडकी! काय होतं हिच्यामुळे? आपली तक्रार नोंदवली जाते! एका वेळी एक माणूस, एका माणसाची एक तक्रार! आधी नाव, मग पत्ता, मग वीज कधी गेली! ओरडलं की वीज लवकर येते का? नाही! लिहून घेणारीचा हात थरथरतो, आणि पत्ता चुकतो! या, एका रांगेत या, अनुभव घ्या!”

आणि माणसं रांगेत आली. टोपीवाला रांगेच्या शेवटी गेला. रखवालदार धावत आला तेव्हा दंगा कुठेच नव्हता, म्हणून त्यानं बोलणाऱ्या एकमेव माणसाचं कोपर धरलं आणि त्याला बाहेर चालवलं.

शेजारच्या खिडकीतल्या कारकुनानं मान लांब करून विचारलं, “कोण हो हा?”

“कुणास ठाऊक,” काकांची बायको लिहिता लिहिता म्हणाली. “आवाज मात्र चांगला आहे.”

बाहेर पायऱ्यांवर काकांच्या लक्षात आलं, की चष्मा आपल्या खिशातच राहिला.

संध्याकाळी ते चोरासारखे घरात बसून होते. आज बोलणी बसणार, हे नक्की. बायको आली, पिशवी खुंटीला अडकवली, खुर्चीत बसली, काकांकडे पाहिलं, आणि हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं. “अनुभव घ्या म्हणे!” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. काका पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले.

“तो टोपीवाला कोण गं?” हसू ओसरल्यावर त्यांनी विचारलं. आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ते उत्तरासाठी थांबले.

टोपीवाला दर आठवड्याला यायचा. त्याच्या घरी वीज असली तरी यायचा. मग ती त्याची हकीकत सांगायला लागली, त्यावरून दुसऱ्या एका बाईची, मग शेजारच्या खिडकीतला कारकून दुपारी कपाटामागे काय करतो ते, मग वरच्या साहेबांचं. काकांना हे अजिबात सोपं गेलं नाही. मधेच त्यांना तसाच एक किस्सा आठवायचा, तोंड उघडायचं, आणि ते मिटवायला सगळा जोर लावावा लागायचा. ताटातलं जेवण गार झालं. ती सांगतच होती. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, आणि काकांच्या ध्यानात आलं, की बाई त्यांच्यापेक्षा कितीतरी चांगलं सांगते.

पुढल्या आठवड्यात छोट्या साहेबांचा फोन आला. तेच चपलांचं दुकान. या वेळी माल म्हणजे माणसाच्या छातीएवढे स्पीकर. “काका, आता मोकळे सुटा! हवं तेवढं बोला!”

काकांनी फोनवर हात ठेवून बायकोकडे पाहिलं. “स्पीकर आहेत. ओरडून बोलावं लागेल. काय सांगू?”

“घ्या की,” ती म्हणाली. “पोटभर ओरडा तिथे. आणि मगच घरी या.”

काकांनी काम घेतलं. स्पीकर झकास खपले. खरेदी करणाऱ्यांमध्ये त्या चौकात राहणारं एकही माणूस नव्हतं, याची कुणी सरासरी काढली नाही.

घरी आता पाळी ठरली आहे. आधी ती बोलते, मग काका. तिचं लवकर संपलं तर काकांना चहापुरता वेळ मिळतो. बऱ्याचदा तिचं संपतच नाही, आणि काकांची पाळी बुडते. अशा संध्याकाळी ते ‘जरा पाय मोकळे करून येतो’ म्हणून बाहेर पडतात आणि जिन्यात भेटेल त्याला गाठतात. हल्ली त्या वेळेला जिना ओस असतो.